अल्फा, डेल्टा, ओके

"कॅप्टन, तुम्ही विमान थेट धावपट्टीवर घातलंत," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"मी? छे हो! अल्फा रस्त्याने जायचं, डेल्टावर थांबायचं, एवढंच तर म्हणालो."

पडद्यावरची हिरवी रेघ मात्र डेल्टावरून वळून खुशाल धावपट्टी ओलांडत होती. नशीब, हा सरावाचा सिम्युलेटर होता. विमानतळाच्या टॉवरने रस्ता सांगायचा, वैमानिकाने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि ते ऐकून यंत्राने नकाशावर रेघ ओढायची, असा हा नवा कारभार.

बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. "अल्फा, डेल्टा... ओके."

"हे शेवटचं ओके. त्यातला 'के' यंत्राला रस्ता वाटतो. के नावाचा रस्ता आहे ना आपल्याकडे, धावपट्टीच्या पलीकडे."

"मग सांगा त्याला, ओकेकडे लक्ष देऊ नकोस म्हणून."

"आणि घाईत कुणी खरंच के म्हणालं तर?"

हे कॅप्टनना पटलं. त्यांना गंमतही वाटली. तेहतीस वर्षं आपण हे म्हणतोय आणि आपल्याच कानांना पत्ता नाही! त्यांनी यंत्रापुढे कुजबुजून पाहिलं, खोकून पाहिलं. मग सात वेळा रस्ता म्हटला. सातही वेळा ओके निसटलंच.

"उद्या नऊला शेवटची चाचणी," बाई हळूच म्हणाल्या. "नाही जमलं, तर वरचे लोक तुम्हाला वर्गावर शिकवायला पाठवणार."

उडण्याशिवाय कॅप्टनना दुसरं काही येत नव्हतं, आवडतही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी सगळं बायकोला सांगितलं आणि तिला टॉवर केलं. "तू काहीही सांग. मी तेवढंच परत म्हणणार."

"गॅसवाल्याला फोन करा," ती भाजी निवडत म्हणाली.

"गॅसवाल्याला फोन करायचा. ओके."

"अहो, गेलात धावपट्टीवर!"

दोघं खूप हसली. तासाभराने जीभ वळणावर आली. इस्त्रीचे कपडे, गच्चीची किल्ली, पडदे धुवायला काढणं, कॅप्टन सगळं शब्दन्‌शब्द परत म्हणू लागले. बायकोने निवडलेली भाजी बाजूला सारली.

"उद्या नऊला माझ्या गाठीचा तुकडा तपासायला काढणार आहेत."

"उद्या नऊला तुझ्या गाठीचा..." कॅप्टन अडखळले. "कसली गाठ? मला बोलली नाहीस?"

"बोलले की. दोनदा. तुम्ही ओके म्हणालात. मला वाटलं, सुट्टी मिळत नसेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच त्यांना जास्त लागलं.

"सोबत कोण आहे?"

"कशाला हवंय कुणी? जाईन की एकटी. तुमची चाचणी आहे."

कॅप्टननी फोन उचलला. "बाई, उद्या मी येत नाही." पलीकडून बाई बराच वेळ बोलत राहिल्या. दुसरी तारीख मिळणार नव्हती, अनुत्तीर्ण असंच लिहावं लागणार होतं. कॅप्टननी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

"ऐकलं मी सगळं," ते शेवटी म्हणाले. "लिहा तसं."

बायको उठून आत गेली. उद्याच्या पिशवीत तिची फाइल होती, पाण्याची बाटली होती. तिने फडताळातून आणखी एक बाटली काढली आणि नळाखाली धरली.