साखरेची खूण

कारखान्यात त्याला सगळे मामाच म्हणत. वयाने तो काही कुणाचा मामा शोभेल असा नव्हता, साहेबांहून तर चांगलाच लहान. पण तो इथे कामाला लागला तोच मुळी भाचीसाठी, आणि हे त्याने पहिल्याच दिवशी, कुणी विचारलेलं नसताना, सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तेव्हापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत तो सगळ्यांचा मामा झाला.

भाचीला घरात कुणी नावाने हाक मारत नसे. ती 'सरकार'. पाय साथ देत नाहीत म्हणून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायची आणि तिथून हुकूम सोडायची. पडदा सारा. पाणी आणा. ती माशी हाकला. नको, राहू दे, बिचारी कुठे जाईल. वय सात, पण जिभेला सत्तर वर्षांची धार. तिची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, दिवसभर 'आले, सरकार' करत घरात फिरायची आणि मध्येच स्वयंपाकघरात जाऊन हसून घ्यायची. कधीकधी हसण्याच्या जागी दुसरंच काही व्हायचं.

आजार असा होता, की पोरीच्या स्नायूंमध्ये साखर साठत जायची. खाल्लेली साखर नव्हे, शरीर अडीअडचणीला म्हणून स्वतःच बाजूला टाकतं ती. ती मोडायला एक प्रथिन लागतं, आणि तिच्या पेशींना नेमकं तेच बनवता येत नव्हतं. बनवायचं कसं याची आईबापांकडून आलेली सूचनाच चुकीची होती. त्यात ना आईचा दोष, ना बापाचा. मग ते प्रथिन बाहेरून द्यायचं, दर पंधरा दिवसांनी, शिरेतून. वेळेवर आणि पुरेसं मिळालं तर स्नायू तग धरतात. नाही मिळालं तर एकेक मान टाकतो, आणि गेलेला स्नायू पुन्हा उभा राहत नाही. पाय औषध सुरू व्हायच्या आधीच गेले होते. हात मात्र शाबूत होते. सरकार स्वतःच्या हाताने जेवायची, आणि कुणी भरवायला गेलं की त्याच हाताने फटका द्यायची. तो फटका खाल्ला की मामाला बरं वाटायचं.

हे औषध मामाच्या टाकीत तयार व्हायचं. टाकी म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पोलादी पिंप. आत कोमट, गढूळ पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या कोट्यवधी जिवंत पेशी, कधीकाळी उंदराच्या जातीतल्या कुठल्याशा प्राण्यापासून घेतलेल्या आणि तेव्हापासून वाढवत आणलेल्या. त्यांना ऊब द्यायची, हवा द्यायची, खाऊ घालायचं आणि सतत हलतं ठेवायचं, हे मामाचं काम. डोळे तेवढे उघडे राहतील असा पांढरा पोशाख चढवून तो दोन दारं ओलांडून आत जायचा, टाकीच्या गोल काचेला डोळा लावायचा आणि म्हणायचा, "काय बायांनो, जेवलात का?" बाकीचे हसायचे. हसू देत. फेस नुसता बघून टाकीची तब्येत सांगणारा दुसरा माणूस त्या कारखान्यात नव्हता.

सरकारला त्याने सगळं समजावून सांगितलं होतं.

"आधी त्या टाकीतल्या बाया चिठ्ठी वाचतात. काय बनवायचंय त्याची. मग एकेक मणी ओवत जातात. असा लांबच लांब सर झाला, की त्याची घडी घालतात."

"चादरीसारखी?"

"छे, त्याहून कितीतरी अवघड. कुठल्या मण्याला कुठला मणी टेकायचा ते ठरलेलं असतं. घडी चुकली तर माल बाद, तिथल्या तिथे मोडून टाकतात. नीट बसली तर पुढच्या खोलीत पाठवतात. तिथे त्याला साखरेची एक खूण चिकटवतात."

"साखरेनेच तर आजारी पडले ना मी? पुन्हा साखर कशाला?"

"ही चिमूटभर, ओळखीपुरती. तुझ्या स्नायूंच्या दारावर पहारेकरी बसलेत. खूण दिसली की औषधाला आत सोडतात. नाही दिसली तर बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात."

"आणि त्या बाया खूण लावायला विसरल्या तर?"

"विसरतात कशा! माझी नजर असते त्यांच्यावर."

सरकारने मान डोलावली. मामाच्या नजरेवर तिचा पूर्ण भरवसा होता. मामाचाही होता, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मागची बॅच उतरली होती ती अगदीच जेमतेम. औषध वाटून पुरवावं लागलं, आणि सगळ्याच मुलांच्या वाट्याला कमी आलं. सरकार अर्ध्या जेवणातच चमचा खाली ठेवायला लागली. "भूक नाही," म्हणायची. भूक होती, हात दमत होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्यामुळे या बॅचकडे सगळे डोळे लावून बसले होते. टाकी उतरवायचा, म्हणजे आतला माल काढून घ्यायचा, नेहमीचा दिवस आला, आणि पेशी बघाव्यात तर अशा टवटवीत, की जणू काल सोडल्यात. साहेबांनी सगळ्यांना काचेपाशी बोलावलं.

"उतरवायची का आज? नियमाप्रमाणे अजून काही दिवस ठेवता येते."

तपासणी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "नेहमीच्या दिवशी उतरवू. अमोनिया चढतोय."

पेशी खातात, तशी घाणही करतात, आणि ती त्याच पाण्यात साचत जाते. अमोनिया म्हणजे तीच. पडद्यावरचा आकडा खरोखर चढत होता.

"लाल रेषेच्या आत आहे, मॅडम," मामा म्हणाला.

"आत आहे, पण इतके दिवस आपण कधी ठेवली नाही."

"मामा, तुम्हाला काय वाटतं?" साहेबांनी विचारलं.

मामाने काचेतून एकदा आत पाहिलं. त्याला फेस दिसला, आणि फेसापलीकडे अर्ध्यावर ठेवलेला चमचा दिसला. "थांबू या, साहेब," तो म्हणाला. "अजून देतील."

आणि दिलंही त्यांनी! टाकी उतरवली तेव्हा प्रथिन इतकं निघालं, की साहेबांनी स्वतः येऊन पाठ थोपटली. अमोनिया शेवटपर्यंत लाल रेषेच्या आतच राहिला. मामाने त्याच संध्याकाळी बहिणीला फोन केला. "या वेळी भरपूर आहे गं. सगळ्यांना पुरून उरेल." मग सरकारला ओरडून सांगितल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हुकूम: मामाला म्हणावं, शाब्बास.

माल गाळून, धुऊन स्वच्छ झाल्याशिवाय खुणेची तपासणी करता येत नाही. ती झाली त्या दिवशी मॅडमनी मामाला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बसा, मामा."

"उभाच बरा आहे."

"प्रथिन चांगलं आहे. सर बरोबर, घडी बरोबर. खूण नाहीये. थोड्यावर आहे, बाकीच्यांवर नाही. मी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या यंत्रावर."

"फेस तर झकास होता," मामा म्हणाला.

"खूण लावतात त्या खोलीत ठरावीक आंबटपणा लागतो," मॅडम हळूहळू सांगत होत्या. "अमोनिया पेशीत शिरून तो आंबटपणा मारतो. मग लावणारे हात चालतच नाहीत. सर ओवले जात राहतात, घड्या पडत राहतात, माल बाहेर येत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात काम चाललंय."

"मग आता लावू या की खूण. बाहेरून."

"एवढ्या सगळ्या मालाला नाही लावता येत इथे. ते पेशीच्या आतच व्हावं लागतं."

"पेशींत परत घालून?"

"नाही हो, मामा."

त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "थोड्यावर आहे म्हणालात ना? तेवढं तरी द्या. दुप्पट द्या, तिप्पट द्या. माल तर ढीगभर आहे! माझ्या भाचीला द्या. मी सही करतो, तिची आई करेल."

"दारातून आत जाणारच नाही ते. यकृत उचलून घेईल. आणि एवढं परकं प्रथिन अंगात गेलं, की शरीर त्याच्याशी भांडायला शिकतं. मग उद्या चांगलं औषध आलं, तरी त्याच्याशीही भांडेल." मॅडमनी चष्मा काढला. "देता आलं असतं तर दिलं नसतं का मी?"

मामाला खूप चीड आली, पण ती कुणावर काढावी हे कळेना. मॅडमनी आधीच सांगितलं होतं. साहेबांनी त्यालाच विचारलं होतं. नियम कुणी मोडला नव्हता. चौकशी झाली असती तरी कागदावर एक रेघ चुकलेली सापडली नसती. आणि त्या टाकीतल्या बाया, त्या तर मरेस्तोवर राबल्या होत्या. तो मटकन त्याच खुर्चीत बसला.

बाद झालेला माल तापवून निकामी करायचा आणि मग सांडपाण्यात सोडायचा, अशी पद्धत. ते कामही टाकीवाल्याचंच. साहेब म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगतो." मामा म्हणाला, "नको, मीच करतो." झडप उघडून तो शेवटपर्यंत तिथे उभा राहिला. नळातून जाताना त्या पाण्याचा काहीही वेगळा आवाज येत नव्हता.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. ती गॅसपाशी उभी होती. त्याने सगळं सांगितलं, 'थांबू या' कोण म्हणालं तेही सांगितलं. तिने शिव्या घालाव्यात, एक ठेवून द्यावी, असं त्याला फार वाटत होतं.

"जास्त मिळावं म्हणूनच म्हणालास ना, दादा?"

"हो."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि गॅस बंद करून भात वाढायला लागली.

"मामा आला का?" खिडकीपासून हुकूम आला. "त्याला इकडे पाठवा."

तो जाऊन खुर्चीजवळ जमिनीवर बसला. बहिणीने ताटली सरकारच्या पुढ्यात ठेवली आणि लगेच आत निघून गेली.

"भरपूर झालं ना औषध?"

"झालं गं. खूप झालं."

"मग रडतोस कशाला?"

"खूण लावली नाही त्यांनी."

"तू बघत होतास ना?"

"बघत होतो."

"मग पुन्हा करायला सांग."

"सांगितलंय. नवीन टाकी लावली. पण वेळ लागेल, सरकार. बराच लागेल."

"बरं," ती म्हणाली, आणि चमचा उचलला. भात घेतला, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, हात वर निघाला. छातीपर्यंत आला आणि तिथे अडला. बोटं पांढरी पडली. मामाने नकळत आपला हात पुढे केला.

"हात लावू नकोस." तिने मारायला दुसरा हात उचलू पाहिला, तो उचलला गेला नाही. "थांब ना, मामा. अजून जाईल वर."

मामा थांबला. चमचा तिथेच थरथरत होता, आणि त्यातलं एकेक शीत तिच्या मांडीवर पडत होतं.