मानेचा खुलासा

सुलभाताई तीन दिवस गैरहजर होत्या, असं तुम्ही नोटिशीत लिहिलंत. खोटं लिहिलंत. त्या तिन्ही दिवशी रोहिणखेडजवळच्या वस्तीतल्या अंगणवाडीत सत्तावीस पोरांनी त्यांच्या हातची खिचडी खाल्ली. पण पोरांना विचारायला तुम्ही आला नाहीत. तुम्ही मोबाइलला विचारलंत.

हजेरीसाठी मोबाइलवर एक गोल यायचा. त्यात चेहरा सरळ बसला तरच माणूस हजर. ताईंची मान आता सरळ होत नव्हती. एकवीस वर्षं त्या पाटावर बसून मांडीवरच्या रजिस्टरांत पोरांची वजनं, उंची, लसी लिहीत आल्या. टेबल मागितलं तर पुढच्या वर्षी देऊ म्हणाले, आणि ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही. मग रजिस्टरांच्या जोडीला मोबाइल आला, मान आणखी वाकली. एका मेळाव्यात साहेबांनी शाल पांघरून कौतुकही केलं, की ही मान खाली घालून काम करणारी बाई आहे. सासूने ते गावभर सांगितलं. बाईची मान वाकलेली दिसली की आपण तिला मर्यादा म्हणतो. ते दुखणं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताईंच्याही नाही.

बोटांना मुंग्या यायला लागल्या. वजनकाट्यावर ठेवताना एक पोरगं हातातून निसटता निसटता राहिलं, तेव्हा कुठे त्या बुलढाण्याला गेल्या. मणके झिजलेत, नस दबली आहे, गेलेली ताकद परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. गळ्याला पट्टा दिला आणि बजावलं, मान खाली घालायची नाही. ताई हसल्या. बाईंना कळलं नाही, असं समजून डॉक्टरांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

पट्टा घातला की मोबाइल म्हणे, चेहरा जुळत नाही. काढला की हनुवटी छातीकडे जायची. मग मदतनीस सोजराबाई मागे उभी राहून दोन्ही तळव्यांनी ताईंचं डोकं उचलून धरायची.

"ताई, पाहा बरं समोर. पाहुणे पाहाले आलेत असं समजा."

"पाहाले आलते तवा तं मायनं सांगतलं होतं, मान खालीच ठेव."

दोघी हसल्या की चौकट हलायची, आणि मोबाइल दोन चेहरे दिसतात म्हणून नाकारायचा. तिसऱ्या दिवशी सोजराबाईने जरा जोर लावला. मानेपासून हातापर्यंत वीज गेल्यासारखं झालं. त्यानंतर उजव्या हाताची दोन बोटं बधिरच राहिली.

नोटीस घेऊन पर्यवेक्षिका हिमानी आली. दोन दिवसांत लेखी खुलासा, नाहीतर सेवेतून कमी.

"मॅडम, तुम्ही मले डोळ्यानं पाहून राह्यल्या नं? मंग लिहा नं, हजर आहे म्हणून."

"ताई, माझ्या लिहिण्यावर आता काही नाही."

डॉक्टरांचा दाखला जोडते, असं ताई म्हणाल्या. त्यावर हिमानी आवाज उतरवून म्हणाली, "दाखला जोडला तर कामाला अपात्र ठरवतील. नाही जोडला तर गैरहजर. तुम्हीच बघा."

पोरगी वाईट नव्हती. पण हे सगळं बोलताना तिचं डोकं मोबाइलमध्येच होतं, आणि डावा हात स्वतःची मान दाबत होता.

ती गेल्यावर सोजराबाईने कोरा कागद भिंतीवर, अक्षरांच्या तक्त्याशेजारी, ताईंच्या डोळ्यांसमोर चिकटवला. पट्टा बांधून ताई उभ्या उभ्या लिहू लागल्या. पेन दोनदा गळून पडलं, सोजराबाईने दोनदा उचलून दिलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडी येत होती. दाखला जोडायचा की नाही, हे सोजराबाईने विचारलं. ताईंनी तो कागदाखाली टाचला. नोकरी गेली, हे दोघींनाही तेव्हाच कळलं.

कागदावर एवढंच होतं:

"मी तिन्ही दिवस हजर होते. ज्या कामात माझी मान गेली, ते काम कुणाचं होतं? दोन दिवसांत लेखी खुलासा करावा."