सात विती

बिल्डरच्या ऑफिसात तिला सगळे इंचबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. इतरांना जिथे नुसती भिंत दिसे, तिथे तिला कपाट दिसे. जिन्याच्या पायऱ्यांत खण, दाराच्या पाठीला इस्त्रीचं टेबल, खिडकीच्या कट्ट्यात अंथरुणं. शिंप्याची लेक ती. उरलेल्या कापडातून झबलं काढणाऱ्या बापाकडूनच हे शिकली होती.

पण साहेबांना हुशारी नको होती, विक्री हवी होती. सॅम्पल फ्लॅट सजवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "खोली मोठी करता येत नाही ना? मग फर्निचर लहान कर."

तिनं नाक मुरडलं, आणि केलं. सहा फुटांचा पलंग पाच फूट तीन इंचांवर आला, सोफा आखडला, आतली दारं तर बसवलीच नाहीत. बघायला येणारे "किती ऐसपैस!" म्हणत आणि ही मान डोलवायची. पगार पहिल्या तारखेला बिनबोभाट जमा होत होता.

मग एका रविवारी तिचा धाकटा भाऊच फ्लॅट बघायला येऊन थडकला, बायकोला आणि बाबांना घेऊन. बाबा चांगले उंच. त्यात ऑपरेशननंतर त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता, पाय सरळ ठेवूनच झोपावं लागे. त्यांना नीट आडवं होता येईल अशी खोली हवी, एवढंच भावाचं मागणं होतं.

भावजयीनं पर्समधून टेप काढली. "मोजून घेऊ या का?"

"ताईनं केलंय सगळं," भाऊ हसला. "तिच्या कामाला टेप लावतेस?"

साहेब तिथेच उभे होते. भावजयीनं टेप परत पर्समध्ये टाकली. बाबा पलंगापाशी गेले आणि गादीवर हात टेकत टेकत पुढे सरकले. अंगठा, करंगळी, पुन्हा अंगठा. गादी चाचपतायत, तिनं स्वतःला बजावलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिनं खिडकीचा पडदा उगीचच सारखा केला.

भावानं घर घेतलं. सहा फुटी पलंग टाकला तर खोलीचं दार उघडेना, म्हणून शेवटी आखूडच आणावा लागला. ती नाना सबबी सांगून टाळत राहिली, आणि गेली तेव्हा बाबा आडवे होते. उजवा पाय पलंगाबाहेर, त्याखाली स्टूल, आणि स्टूल नेमकं दारात.

"बिल्डरनं खोलीच लहान दिली गं," भाऊ कळवळून म्हणाला. "तू तिथं असताना आम्हाला फसवलं बघ त्यानं!"

तो चहा टाकायला गेला. तिला स्वतःची किळस आली. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं टेप काढली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "सात विती आहे. सहा फुटांना आठ लागतात. त्या दिवशी तिथला पलंगही मोजला होता मी."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

भावजय वाळलेले कपडे घेऊन दारात आली. बाबांनी सवयीनं दोन्ही हातांनी पाय उचलून धरला, तिनं स्टूल सरकवलं, आत आली, स्टूल परत लावलं. बाबांनी पाय खाली ठेवला.

"तू बोलशील, म्हणून थांबलो होतो."