वेलांटीकाकांची सही

"काका, हे तुम्हीच तपासायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी," असं म्हणत मालकीणबाईंनी प्रुफांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तिथंच हसत उभ्या राहिल्या.

वेलांटीकाकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पहिल्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. बावीस वर्षांपूर्वीचं त्यांचं एकुलतं एक पुस्तक नव्या चित्रांसह पुन्हा निघत होतं.

"मला आधी बोलला नाहीत!"

"बोलले असते तर गंमत काय राहिली असती?"

त्या प्रकाशनात काकांना खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. एकतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढत आले होते. ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ पडलेली त्यांना पान उलटता उलटता दिसायची. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतानाही ते भिंतीवरची पाटी मनातल्या मनात दुरुस्त करत बसायचे. "वरून बोलावणं आलं तरी हे आधी त्यातलं शुद्धलेखन बघतील," असं त्यांची बायको म्हणायची.

मालकीणबाई गेल्यावर काकांनी ओळीखाली पट्टी धरली आणि लाल पेन उघडलं. पुस्तक छोटंसंच होतं. नऊ वर्षांची एक मुलगी, तिचं आजारपण, इस्पितळातली तिची खाट, शेजारच्या खाटेवरच्या आजीशी चाललेली तिची भांडणं. ती मुलगी काकांचीच होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी कधी विषय काढत नसे.

अठ्ठावन्नाव्या पानावर पट्टी थांबली. तिथं छापलं होतं, 'आणि ती बरी झाली. दप्तर पाठीला लावून ती शाळेच्या फाटकातून धावत आत गेली.'

काकांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. पुढं नुसतं चित्र होतं, फाटकाचं.

त्यांनी लिहिलेला शेवट असा नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी मुलीची आई धुतलेले कपडे आणायला घरी गेली होती. मुलगी म्हणाली, बाबा, वेणी घाला. त्यांना कुठं येत होती! वेडीवाकडी काहीतरी गुंफली. तिनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे, छान झालीय." मग ती झोपली. आई परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. ती दुपार बायकोला तोंडानं सांगणं काकांना कधी जमलं नाही. म्हणून तर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं.

ते पान हातात घेऊन मालकीणबाईंच्या खोलीत गेले. "हे कुणी लिहिलं?"

"संपादनात केलं, काका. शाळांच्या ग्रंथालयात जाणार आहे ना. लहान मुलांच्या पुस्तकात मरण नको म्हणतात हो सगळे."

"पण ती बरी झाली नाही."

मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. "बाबांच्या वेळचं आहे हे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कागदावर काकांची सही होती. त्यांना तो दिवस आठवला. थोरल्या मालकांनी पेन पुढं केलं होतं आणि काकांनी उभ्या उभ्या सही ठोकली होती. पुस्तक छापायला घेतलं हेच त्यांचे उपकार. त्यांच्यासमोर कागद वाचत बसणं बरं दिसलं नसतं. आज तो कागद त्यांनी पहिल्यांदा वाचला. पुनर्मुद्रण, भाषांतर, संक्षेप आणि फेरफार यांसह सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. अर्ध्या पानाच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या.

संध्याकाळी ते वकील असलेल्या भाच्याकडे गेले. भाच्यानं कागदाचा फोटो दोनदा वाचला.

"मामा, तुम्ही लिहिलंत त्या क्षणापासून ते तुमचंच होतं. कुठं नोंदवायचीही गरज नव्हती. छापायची परवानगी तेवढी द्यायची होती. घर भाड्यानं देणं वेगळं आणि विकून टाकणं वेगळं. तुम्ही विकून मोकळे झालात."

"मग माझं काहीच उरलं नाही?"

"नाव उरलंय. न लिहिलेलं माझ्या नावावर खपवू नका, असं ठणकावून सांगता येईल. शेवटासाठीही भांडता येईल, पण यात फेरफाराचा शब्द सरळ लिहिलाय. वर्षं जातील, आणि निकाल काय लागेल ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

घरी येऊन काकांनी ते पान बायकोपुढं ठेवलं. तिनं वाचलं.

"मला ती दुपार तुमच्या पानावरूनच माहीत आहे," ती म्हणाली. "मी नव्हते ना तिथं. तेच पान काढलं?"

"हं."

"आपल्याकडची प्रत आहे ना?"

"आहे. पण ती आपल्या कपाटात, गं. बाहेर सगळीकडे ती आता बरी होऊन शाळेत जाणार."

तिनं पुन्हा वाचलं. "खोटं सांगू नये. एक क्षण बरं वाटलं हो मला." आणि मग तिला रडू आवरेना. काका शेजारी बसून राहिले. डोळे पुसून ती म्हणाली, "तुमच्या नावानं मात्र नको."

दोन दिवसांनी काकांनी गठ्ठा परत दिला. सगळी पानं तपासलेली होती. शेवटच्या पानावरही दोन चुका होत्या, त्या त्यांनी नीट दुरुस्त केल्या होत्या. पहिल्या पानावर स्वतःच्या नावावर लाल रेघ मारली होती.

"काका, नावाशिवाय पुस्तक कसं काढू मी?"

"ते तुम्ही बघा. नाव माझं आहे, ते मी काढून घेतोय."

"एवढं लागलं तुम्हाला?"

"लागलं."

मालकीणबाईंचा आवाज उतरला. "बाबा असते तर त्यांनी असं केलं नसतं."

"कुणास ठाऊक. मालक भले होते म्हणून मी कागद वाचला नाही. ते गेले, कागद राहिला."

पुस्तक नावाशिवाय निघालं आणि चांगलं चाललंही. काकांनी घरी आणलं नाही.

पुढच्या वर्षी ते पुस्तकांच्या प्रदर्शनात गेले होते. मुलांच्या विभागात एक मुलगी जमिनीवर मांडी घालून तेच पुस्तक वाचत होती. शेवटाला आल्यावर ती खुदकन हसली, पुस्तक तिथंच टाकून पुढच्या टेबलाकडे पळाली. तिच्या आईनं ते उचललं, मागून पुढून पाहिलं.

"आजोबा, चष्मा विसरलेय मी. लेखकाचं नाव कुठं आहे का हो यावर?"

काकांनी पुस्तक हातात घेतलं. "नाही," ते म्हणाले.

"असं कसं? कुणीतरी लिहिलंच असेल ना?"

"असेल," काका म्हणाले. पानाचा दुमडलेला कोपरा त्यांनी अंगठ्यानं सरळ केला आणि पुस्तक तिला परत दिलं.