पॅशन फ्रूटच्या बिया आणि मी

मित्रांनो, काल मला भंगारात टाकण्यात आलं. असं काहीही झालेलं नाही. मी एक जुनी गाळणी आहे, माझी तब्येत उत्तम आहे, आणि सरबताच्या दुकानात खिळ्याला लटकून मी हे सांगते आहे.

बारीक पोलादी तारा विणून मला घडवलं. पहिली काही वर्षं मी लिंबं गाळली. लिंबू सभ्य. बी देतं आणि गप्प बसतं. मग दुकानात पॅशन फ्रूट आलं. बाहेरून सुरकुतलेलं, आत पिवळाधमक गर, आणि वास असा की रस्त्याने जाणारा मागे वळून बघतो. माझं खूप कौतुक झालं. पण त्या गरात काळ्या बिया असतात, चिवट थैल्यांत बसलेल्या. त्या माझ्या भोकांत डोकं खुपसतात आणि मुक्काम ठोकतात. पाहुणे तरी कधी ना कधी जातात.

दुकान दोन जावांचं. थोरलीला रस गाळलेला हवा. धाकटीला बिया दाताखाली कुरकुरायला हव्यात.

"जाऊबाई, हल्ली तशीच फॅशन आहे."

"दातात अडकायची? राहू दे तुलाच."

धाकटी जिंकली, तर माझ्या खिळ्याला तिची पर्स लागणार होती. थोरली मला वाचवायची, पण पळीने गर असा रगडायची, जणू मीच धाकटी आहे.

एक दिवस केकवाला आला. केकवरच्या क्रीमसाठी त्याला पॅशन फ्रूटचा रस हवा होता. आवडला तर रोजचं काम आमचं. धाकटीने बियांसकट गर मिक्सरमध्ये ओतला आणि बटण दाबूनच धरलं. मित्रांनो, मिक्सर जेमतेम फिरवायचा असतो. थैल्या सुटतात, बिया शाबूत राहतात. थोरलीला हे ठाऊक होतं. ती शांतपणे ग्लास पुसत राहिली.

केकवाल्याने घोट घेतला. "वहिनी, यात मिरी घातलीय का? कडू लागतंय."

ग्लास पुसता पुसता गालात हसणाऱ्या थोरलीकडे धाकटी वळली. "माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"मला मेलीला फॅशनमधलं काय कळतंय!"

केकवाला निघाला, तशी थोरली घाबरली. "थांबा भाऊ, गाळून देते!" तिने उरलेला रस माझ्यात ओतला आणि सगळ्या वर्षांचा राग पळीत आणून दाबला. माझी जाळी टरकन फाटली. बियांचा चुरा, रस, सगळं भाऊंच्या पांढऱ्या शर्टावर.

भाऊ गेले. रोजचं काम गेलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं.

"गाळणीच फुटकी निघाली," थोरली म्हणाली.

"मी कधीची म्हणतेय, जाऊबाई."

इतक्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्यानंतर जे झालं नाही, ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

मित्रांनो, गाळणी वापरल्याबरोबर धुवा, आणि भांडणं दुसऱ्या भांड्यात गाळा. तसेच सर्व पॅशन फ्रूट यांना विनंती करण्यात येते की, त्यांनी यापुढे आपापल्या बिया वेलीवरच काढून ठेवून दुकानात हजर व्हावे, व अर्जदार गाळणीस मूळ खिळ्यावर सन्मानाने पुन्हा रुजू करून घेण्यात यावे. उत्तर भंगारवाल्याच्या पत्त्यावर पाठवावे. गठ्ठा तिसरा, वाकड्या छत्रीखाली.