भट्टीपुढचा चंद्र

"गेला! अजून एक घास गेला!"

गल्लीभर ओरडा झाला. पिठाने माखलेले हात कपाळाला लागले आणि कपाळं पांढरी झाली. पहाट फुटायची होती. भट्ट्या लाल झाल्या होत्या, पाव फुगत होते, आणि पाववाल्यांची अख्खी आळी काम टाकून पूर्वेकडे तोंड करून उभी होती. छपरांवर चंद्र होता, कालच्याहून बारीक.

उपड्या क्रेटवर चंद्रमहाराज उभे होते. दाढी काळीभोर, भुवया पांढऱ्या. कलप दाढीपुरताच पुरला असावा.

"काल केवढा होता? आज केवढा आहे? उरलेला कुठं गेला?" महाराजांनी बोट नाचवलं. "माझ्या हुकमानं तुमची दुखणी गिळतोय तो! गिळता गिळता झिजतोय. रोज एक घास, रोगाचा ऱ्हास! अमावास्येला चंद्र संपला, की रोग संपला!"

"आणि मग पौर्णिमेला?" मी मागून विचारलं.

"तो नवा चंद्र, बाई. कोरा करकरीत. शाळेत नसेल शिकवत."

गर्दी हसली. माझे दाजीसुद्धा हसले. मी शाळेत भूगोल शिकवते, सुट्टीत बहिणीकडे आले होते. दाजींच्या कडेवर त्यांची मुलगी होती. दहा वर्षांची, कडेवर घ्यायचं वय केव्हाच उलटलेली. पण तिला खाली सोडायचा दाजींना धीरच होत नव्हता.

आम्ही तिला भिंगरी म्हणतो. जन्मली तेव्हापासून पाय जमिनीला ठरत नाहीत. तिला फिट यायच्या. डॉक्टरांची गोळी सुरू झाली आणि वर्ष कसं निवांत गेलं. मग हे महाराज आले. "गोळी चालू, तर चंद्र तोंड लावत नाही," म्हणाले. दाजींनी गोळ्या भट्टीत टाकल्या.

आता भिंगरीच्या मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा होता. पुन्हा फिट येऊन ती तापलेल्या पत्र्यांच्या मांडणीशेजारीच पडली होती.

"महाराज म्हणाले, रोग जाताना लाथा मारतो," ताई मला हळूच म्हणाली. ती पीठ मळत होती, आणि डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत होती.

"तुला पटतं का गं?"

"मला काय पटायचं? गोळी जन्मभर घ्यावी लागेल म्हणाले डॉक्टर. महाराज म्हणाले, पंधरा दिवस. सांग, आईचे कान कुठल्या बाजूला जातील?"

खोटं नेहमी गोड बोलतं, खऱ्याला मात्र पथ्य सांगावं लागतं.

मी दाजींशी भांडले. "बघा दाजी, चंद्र कमी होत नाही. त्याचा उजेडातला भाग आपल्याला कमी दिसतो."

"मास्तरीणबाई, पुस्तक तुमचं, डोळे माझे. रोज बघतोय मी. अर्धा होता, फोड झाला, आता साल राहिलंय!"

खोटं बोलत नव्हते ते. ही आळी पहाटेच्या आधी उठते आणि दिवेलागणीला झोपते. संध्याकाळी मावळतीला वाढत जाणारा चंद्र इथे कुणी पाहतच नाही. पाहतात तो पहाटेचा, रोज झिजणारा. अमावास्या-पौर्णिमा कॅलेंडरात असते. चंद्र वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ऐकून. शिवाय भट्टीच्या तोंडाशी तासभर उभं राहून दिपलेले डोळे घेऊन माणूस बाहेर येणार. त्याला अंधारातलं अंधुक काय दिसणार? महाराजांनी आळी नीट पारखून निवडली होती.

अमावास्या आली. पहाटे आभाळ रिकामं होतं. आळीने महाराजांना हार घातला. "दुसऱ्या गावचा बोलावा आहे," म्हणत ते घाईने गेले.

दुपारी भिंगरीला फिट आली. थांबेचना. ताईने तिला कुशीवर वळवलं, मी डॉक्टरांना आणायला धावले. सुई टोचल्यावर कुठे तिचं अंग सैल पडलं.

"गोळी अशी एकदम तोडायची नसते हो," डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाले. "वाचली." त्यांनी गोळ्यांची नवी पट्टी दाजींच्या हातात दिली. दाजींनी ती उशीखाली सरकवली.

"चंद्र संपलाय," ते भिंतीकडे पाहत पुटपुटले. "हा शेवटचाच झटका. आता गोळी दिली, तर केलेलं सगळं वाया."

तो दिवस, ती रात्र, ताईने मुलीचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दाजी भट्टीकडे फिरकले नाहीत; शेजारणीनेच ती पेटती ठेवली. सूर्य मावळल्यावर मी म्हटलं, "दाजी, आज झोपायचं नाही. गच्चीवर चला. एवढं माझं ऐका, मग पुन्हा तोंड उघडणार नाही."

ते भिंगरीला घेऊन आले. शेजारच्या भट्टीवाल्या काकूही जांभया देत आल्या. मावळतीला अजून केशरी रंग होता. त्याच्यावर केसाएवढी कोर.

दाजींचा चेहरा उतरला. "परत आला? म्हणजे आता हा वाढणार? आणि पोरीचं दुखणंही…" त्यांनी भिंगरीचं डोकं छातीशी दाबून धरलं. महाराजांनी पेरलेलं भय हे असं उगवलं होतं.

"नीट बघा. कोरीच्या पोटात काय दिसतं?"

त्यांच्या डोळ्यांना आज भट्टीची धग नव्हती. भिंगरीच आधी म्हणाली, "पप्पा, उरलेला पण आहे. राखाडी. अख्खा गोल आहे!"

"अगं बाई, खरंच की!" काकूंची झोप उडाली. "डागसुद्धा तेच ते!"

"मग खाल्लं कुणी?" दाजींनी विचारलं. विचारलं मला, पण नजर आभाळावरून हलली नाही.

आम्ही खाली आलो. मी दिवे घालवले. काकूंनी भट्टीचं झाकण काढलं. पिठाचा गोळा काडीला टोचून मी भिंगरीच्या हातात दिला. "भट्टी सूर्य, गोळा चंद्र, तू पृथ्वी. हात डोक्याहून थोडा उंच धर, आणि हळू फीर. हळू हं, भिंगरे!"

भट्टीकडे तोंड असताना गोळा काळा होता: अमावास्या. ती थोडी वळली, कडेला कोर उजळली. आणखी वळली, अर्धा. पाठ भट्टीकडे झाली, तशी भिंगरी ओरडली, "पौर्णिमा!" पुढे वळताना तोच गोळा पुन्हा अर्धा झाला, कोर झाला, काळा झाला. पीठ गुंजभर कमी झालं नव्हतं.

"मग ते राखाडी कशानं?" काकूंनी विचारलं.

"बघा ना, तिच्या पांढऱ्या फ्रॉकवरचा उजेड गोळ्याच्या काळ्या अंगावर पडतोय. तसा पृथ्वीचा उजेड चंद्रावर पडतो. पहाटेही तो होताच, दिपलेल्या डोळ्यांना दिसला नाही. आणि महाराज पौर्णिमेनंतर आले, अमावास्येला गेले. चंद्र वाढताना ते एखाद्या आळीत थांबत असतील, असं वाटतं तुम्हाला?"

"मेल्याला हार मी घातला," काकू म्हणाल्या.

दाजी भट्टीपुढे उकिडवे बसले. "मीच टाकल्या गं त्या गोळ्या. ह्याच आगीत." मग उठले, उशीखालची पट्टी घेऊन आले. त्यांच्या बोटांना ती फुटेना. ताईने फोडून दिली. गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने भिंगरीच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला धरून राहिले.

मनगटावरचा तो पट्टा राहील. हे दुखणंही कदाचित राहील. डॉक्टरांनी पंधरा दिवसांचं वचन दिलेलं नाही. चंद्र मात्र कुणाचं दुखणं गिळत नाही, कुणाला देतही नाही. तो आपला सूर्याचा उजेड अंगावर घेऊन फिरतो. आभाळाकडे बोट दाखवून कुणी तुमच्या लेकराची गोळी मागितली, तर आधी त्या बोटाच्या दिशेने नीट पाहा. पहाटे पाहा, संध्याकाळीही पाहा. आणि तोवर गोळी चुकवू नका.