हातभर बाहेर

माझी नात महामाया तिसरीत आहे. गावच्या शाळेत मुलींचा खो-खोचा संघ आहे. ती त्यात खेळत नाही. सरावाआधी मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, हे तिचं काम. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाकी मुली झाडतात, पाणी आणतात. पळतात त्या गावातल्या मुली. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांची नात ऋतुजा कर्णधार.

महामाया मात्र अशी पळते की वस्तीतली पोरं तिला शिवायचा नाद सोडून देतात.

तिनं फार हट्ट धरला म्हणून मी दयानंद सरांना भेटायला गेलो. माझं आयुष्य अहमदपूरच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेलं. कुणाकडे काही मागायची सवय नाही. वाटेत वाक्यं जुळवली होती. सर मैदानाच्या कडेला खुर्चीत मोबाइल बघत बसले होते. "ते जरा, महामायेचं..." एवढ्यावरच मी अडखळलो.

"निवृत्तीकाका," सर हसत म्हणाले, "पोरीचा हात लई सरळ हाय. पाय कशाला झिजवायलाव तिचे?"

सराव करणाऱ्या मुली हसल्या. महामाया फक्कीचा डबा घेऊन तिथंच उभी होती. काय करावं ते न सुचून मीही हसलो.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आबा, पळणारी रेघंच्या भाईर गेली की बाद व्हती ना?"

"दोन्ही पाय बाहेर गेले तर."

"आन् रेघच भाईर मारली तर?"

मी हातातलं पुस्तक मिटलं. मैदानाच्या कोपऱ्यांत सरांनी कधीतरी खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांना दोरी बांधून ती रेघ ओढायची. पुन्हा मैदान मोजायला सर खुर्चीतून उठले नव्हते. आजोबा म्हणून मी तिला रागवायला हवं होतं.

"खुंट्या एकदम सरकवू नको," मी म्हणालो. "रोज बोटभर."

सोयाबीन निघेपर्यंत दोन्ही बाजूंच्या रेघा हातभर बाहेर गेल्या. मुलींच्या पायांना तेच मैदान पाठ झालं. कडेला जाऊन न बघता गिरकी घ्यायच्या. सर खूश होते.

तालुक्याच्या स्पर्धा शिरूर अनंतपाळला होत्या. संख्या पुरी करायला महामायेचं नाव राखीव खेळाडूंत घातलं होतं. खरं तर तिला पाण्याचे कॅन उचलायला नेलं होतं. मी एसटीनं गेलो.

पहिली मुलगी कडेला गेली, सवयीच्या जागी वळली. शिट्टी. दोन्ही पाय बाहेर. दुसरी तशीच गेली. ऋतुजाच्या मागं तर अजून कुणी लागलंही नव्हतं, तरी तीही तशीच बाद झाली.

"मास्तर," आप्पासाहेब समोरच्या खुर्चीवरून म्हणाले, "रेघ दिसंना का पोरींना? काय शिकिवलाव वर्सभर?"

सरांचा चेहरा मी सावकाश बघितला, आवडलेलं पान पुन्हा वाचावं तसा.

दुसऱ्या डावाआधी एका मुलीचा पाय मुरगळला. सर धावत महामायेकडे आले. "कॅन ठेव. चल, तू उतर."

तिनं मैदानाकडे बघितलं. वर्षभर तिला एवढंच हवं होतं.

"माझा हात सरळ हाय सर," ती म्हणाली. "पाय कशाला झिजवू?"

संघ हरला. आप्पासाहेब सरांशी एक शब्द न बोलता ऋतुजाला घेऊन निघून गेले.

परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "आबा, मला उतरायचं व्हतं."

"माहीत आहे."

"मी भाईर गेलेच नसते."

हे मी तिला काय शिकवलं, असं वाटलं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आता सर मैदान मोजतील."

"मोजू दे," तिनं वळून माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "फक्कीचा डबा दुसरं कोण धरनार हाय?"